प्रपोजलमध्ये ऑफिसचं भाडं लपवू नका

बडोद्यातल्या तीन-चार छोट्या ट्रस्टांची प्रपोजलं, म्हणजे अनुदानासाठीचे अर्ज, मी बारा वर्षं तपासून देतोय. दरवर्षी नवी फाइल आणि तीच जुनी ओळ: ॲडमिन खर्च (ऑफिसचं भाडं, हिशेब, ऑडिट वगैरे) 5 टक्के. का बुवा 5? "सीएसआरवाले (कायद्याने सामाजिक कामासाठी खर्च करणाऱ्या कंपन्या) तेवढाच देतात ना!"

ही 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीला आहे. सीएसआर सांभाळायला कंपनीचा स्वतःचा जो कारभारखर्च होतो, त्याला. सीएसआर नियमांच्या जानेवारी 2021च्या दुरुस्तीत ही व्याख्याच लिहून दिलेली आहे. तुम्हाला कमी द्यायचं हे कंपनीचं धोरण असू शकतं, पण तो कायदा नव्हे. परदेशी निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा आणखी वेगळी: 20 टक्के, आणि 2020च्या दुरुस्तीआधी ती 50 होती. त्यातही शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात येत नाही. नवखी मंडळी तोही धरतात आणि रेघ ओलांडली म्हणून घाबरून बसतात. नियम वाचायला अर्धा तास लागतो हो, पण व्हॉट्सॲपवर आलेला नमुना पाच मिनिटांत भरून होतो ना!

मग 5 टक्क्यांत भागत नाही म्हणून लपवाछपवी सुरू होते. दांडिया बझारातल्या एका ट्रस्टचे संध्याकाळचे अभ्यासवर्ग होते. सगळ्या प्रकल्पांचा थेट खर्च वर्षाला 14 लाख. भाडं, हिशेबनीस, ऑडिट, वीज-फोन मिळून 2 लाख 80 हजार, म्हणजे थेट खर्चाच्या 20 टक्के. एका कंपनीकडे मागितलेला प्रकल्प 6 लाखांचा होता, त्याच्या वाट्याला 1 लाख 20 हजार यायला हवेत. यांनी दाखवले 30 हजार. उरलेल्या 90 हजारांसाठी हिशेबनीस ताईंना 'क्षेत्र समन्वयक' करून टाकलं, महिना साडेसात हजार. मी नको म्हटलं होतं. "काका, सगळेच करतात."

नोव्हेंबरात कंपनीचा माणूस न सांगता वर्गावर आला आणि मुलांना विचारलं, समन्वयक ताई कुठे आहेत? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ताई ऑफिसात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडून बसलेल्या! 90 हजार परत करावे लागले, दुसऱ्या वर्षाचं अनुदान गेलं, आणि वाईट वाटतं ते ताईंचं. नाव त्यांचं खराब झालं, सही अध्यक्षांची होती.

माझी सवय सांगतो. ऑडिट झालं की त्याच आकड्यांवरून भाडं-ऑडिटसारख्या सामायिक खर्चाची टक्केवारी काढायची, ती प्रकल्पांवर कशी वाटणार याचा ठराव करून मिनिट-बुकात लिहायचा, आणि प्रपोजलमध्ये तो आकडा हिशेबासकट द्यायचा. शास्त्रोक्त पद्धती आणखी असतील, माझं यावर चालतं. आकडा मोठा दिसतो म्हणून लाजू नका. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या संस्थांचे हिशेब पाहिले तेव्हा हा खर्च 5 पासून 51 टक्क्यांपर्यंत निघाला. सगळ्यांना एकच माप कसं बसेल?

फंडरही थोडे बदलताहेत. फोर्ड फाउंडेशनने 2016पासून बिल्ड कार्यक्रमात संस्थांना पाच-पाच वर्षांचं लवचीक अनुदान दिलं. आपल्याकडे 2021मध्ये एडलगिव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने ग्रो फंड निघाला, तो 100 संस्थांच्या चालू खर्चासाठी आणि क्षमतावाढीसाठी. बडोद्याच्या छोट्या ट्रस्टपर्यंत हे वारं अजून फारसं आलेलं नाही, खरं आहे. पण न मागता तर कुणीच देणार नाही.

बाकीच्या चुका पटकन. सीएसआरमधून कॉर्पस (संस्थेचा कायमचा राखीव निधी) मागू नका, ते आता चालत नाही. परदेशी निधी आला तर त्यातला वाटा शेजारच्या संस्थेला देऊ नका, 2020पासून बंदी आहे. मार्चअखेर पैसे उरले म्हणून लॅपटॉप घेऊ नका, आधी फंडरला ईमेल करा.

आणि जागा ट्रस्टीच्या मामाची, फुकट मिळालेली असली तरी तिची किंमत एका कागदावर लिहून ठेवा. मामा उद्या फ्लॅट विकतील, तेव्हा भाड्याची तजवीज कोणत्या बजेटमधून करणार?