दुधात फवारणीचं औषध उतरतं कुठून? गोठ्यातल्या आणि बांधावरच्या या चुका टाळा

डेअरीवर फॅट लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बसला की दूध एक नंबर असं आपण धरून चालतो, पण ते मशीन कीटकनाशक बघतच नाही, त्याला लॅबची वेगळी तपासणी लागते. उकळून जाईल म्हणाल तर तसंही नाही. यातली बरीच औषधं चरबीत विरघळणारी, त्यामुळे दुधात ती फॅटला धरून राहतात आणि साय-लोण्यात जास्त सापडतात. म्हणजे जे काही करायचं ते औषध जनावराच्या अंगात जायच्या आधीच.

सगळ्यात मोठी चूक होते चाऱ्याच्या मक्यात. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आणि मक्याला फवारा मारल्याशिवाय गत्यंतर नाही असं झालंय. अळी बसते पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, म्हणून आपण नोझल पण पोंग्यावरच धरतो, औषध तिथे वाटीत साठल्यासारखं साठतं, आणि मग वैरण कमी पडली की तोच मका चार दिवसांत कापून कुट्टी करून गव्हाणीत! औषधाच्या डब्यासोबत घडी घातलेला कागद येतो, तो फेकू नका, त्यात प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो, शेवटची फवारणी ते काढणी किती दिवस जाऊ द्यायचे ते. तो आकडाही मुख्यतः दाण्यासाठी काढणी धरून असतो, आपण तर हिरवं ताट पानासकट घालतो, म्हणून चाऱ्याचा प्लॉट आधीच वेगळा ठेवा आणि तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), ५ टक्के निंबोळी अर्क यावरच भागवा, अळी बारीक असतानाच. मुरघास (हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवणं) केला की औषध मरतं या भरवशावर तर अजिबात राहू नका.

बांधावरच्या गवताचं पण तेच. कडेला तणनाशक मारलेलं, किंवा शेजारच्या कपाशी-द्राक्षाचा फवारा वाऱ्याने उडून आलेला, आणि आपण तेच गवत कापून आणतो. शेजाऱ्याला आज काय मारलं एवढं विचारायला काय जातं?

आता गोचीड. इथे माझं मत कडक आहे, शेतातलं औषध जनावराच्या अंगाला लावायचंच नाही. पिकावरचं सायपरमेथ्रीन २५ टक्क्यांचं पण मिळतं, ते टोपणाने अंदाजे बादलीत ओतून पोत्याने अंगावर फिरवतात, मग जनावर अंग चाटतं, कास न धुता धार काढली तर थेट दुधात. जनावरांसाठी वेगळं औषध मिळतं ते घ्या, डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा, लावायच्या आधी पाणी पाजा, गव्हाण रिकामी करा, आणि दूध किती दिवस घालायचं नाही ते लेबलवर वाचा. गोचीड-जंतांवरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गायीला स्वतःहून देऊ नका, त्याचा अंश दुधातून बरेच दिवस येत राहतो. आणि खरं सांगायचं तर गोचीड नुसतं अंगावर मारून संपतच नाही, मादी खाली पडून भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून फटी बुजवा, चुना मारा, गावरान कोंबड्या सोडा. मग औषधच कमी लागतं.

कुणाच्या माळ्यावर जुनी बीएचसी (कीटकनाशक) पावडर पडलेली असेल तर ती जनावराला लावू नका हो, १९९७ पासून ती बंद आहे. डीडीटी पण शेतीसाठी १९८९ ला बंद झालं, तरी ही औषधं मातीत आणि चरबीत वर्षानुवर्षं टिकतात.

बाकी बारीकसारीक पण तितकंच घातक: पेंडीच्या पोत्याशेजारी औषधाचे डबे, रिकाम्या कॅनमधून पाणी पाजणं, पेरून उरलेलं रंगीत प्रक्रिया केलेलं बी भरडून घालणं. पंप ओढ्यावर किंवा विहिरीच्या काठावर धुणं तर बंदच करा, सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉईड गटातली औषधं माशांना अगदी थोडीसुद्धा भारी पडतात आणि तेच पाणी खाली दुसऱ्याची जनावरं पितात. धुतलेलं पाणी परत पंपात घेऊन त्याच पिकावर मारा, कॅन भोकं पाडून ठेवा.

एवढं करूनही एखादं जनावर एकदम लाळ गाळायला लागलं, थरथरतंय, पातळ शेण, डोळ्याची बाहुली बारीक झाली, तर तेल-तूप-दूध काही पाजू नका, चरबीत विरघळणारं विष त्याने उलट लवकर भिनतं आणि ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर जनावर हातचं जातं. अंगाला औषध लागलं असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवा, चारा बाजूला काढून ठेवा, डॉक्टरांना लगेच बोलवा आणि औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो दाखवा, कारण अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन सगळ्याच विषांवर चालत नाही. त्या जनावराचं दूध डॉक्टर हो म्हणेपर्यंत डेअरीला नाही, घरात नाही आणि वासराला पण नाही.