विमानाचा प्रायमर: गॅलन नको, क्वार्ट घ्या

अमेरिकेत गॅरेजमध्ये किटचं विमान बांधताना इपॉक्सी प्रायमर (पत्रा गंजू नये म्हणून देतात तो दोन भाग कालवून बनणारा अस्तर-रंग) ऑनलाइन मागवला, की डब्याच्या किमतीवर ज्वलनशील मालाचा जादा आकार बसतो. वर गॅलनचा (सुमारे ३.८ लिटरचा) डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर शेपटीचे भाग होईपर्यंत त्यातला निम्मा मुदत संपून बसतो. माझा बसला.

१. आधी गावातलं मोटारींच्या रंगाचं दुकान गाठा. डबा स्वतः उचलून आणला, की जादा आकाराचा प्रश्नच नाही. पुसायला लागणारं असिटोन हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

२. शेपटीपुरता क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिली घ्या. पंखांचं पंख आल्यावर बघू. पैसे देण्याआधी रंग आणि हार्डनर (रंग घट्ट करणारा दुसरा भाग), दोन्ही डब्यांवरची तारीख वाचा.

३. ऑनलाइनच मिळणारी रसायनं साठवून एकदम मागवा. जादा आकार बहुधा खोक्यामागे लागतो, डब्यामागे नाही.

४. चार रिबांसाठी (पंख-शेपटीच्या आतल्या फासळ्यांसाठी) कपभर प्रायमर कालवू नका. बिनसुईच्या ६० मिली सिरिंजा घ्या, एकीवर ‘ए’ (रंग), दुसरीवर ‘बी’ (हार्डनर) लिहा आणि माहितीपत्रकातल्या प्रमाणात हवं तेवढंच ओढा. दोन-चार वेळा वापरलं की आतलं रबर फुगून दट्ट्या अडतो. तेव्हा सिरिंज सरळ टाकून द्या.

एक सांभाळा: पत्रे पुसायला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक) वापरत असाल, तर निळे नायट्राइलचे हातमोजे त्यापुढे टिकत नाहीत. ब्युटाइल रबराचे घ्या. महाग आहेत, पण एक जोडी पुष्कळ दिवस चालते.