गोबरगॅसचा कुजका वास घालवणारा गाळणीपाइप

शेगडीचा बर्नर खाणारा आणि घरात सडक्या अंड्याचा वास पसरवणारा घटक म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. त्याला लोखंडावरचा गंज धरून ठेवतो.

लेथवरचा साध्या लोखंडाचा कीस आणा. भांड्यांची तारेची घासणी चालत नाही, ती बहुधा स्टेनलेस असते. किसाचं तेल साबणाने धुवा, मग पाणी शिंपडत आठवडाभर उघड्यावर तांबूस होऊ द्या. 4 इंची, 2 फुटी पीव्हीसी पाइपमध्ये सैल भरा. दाबून भरलात तर ज्योत मरते, कारण टाकीचा दाब मुळातच कमी असतो. गॅस खालून आत, वरून बाहेर, पुढे-मागे कॉक.

गाळणीपाइपच्या आधी, नळीच्या सगळ्यात सखल जागी ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक लावून साचलेलं पाणी काढत राहा, नाहीतर ज्योत लपलपते. सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

कीस काळा पडला, वास परतला, की बदला. काढलेला कीस हवेत तापतो, पेटूही शकतो. म्हणून घर-गोठ्यापासून दूर, मोकळ्यावर पातळ पसरून ओला ठेवा. पुन्हा तांबूस झाला की वापरता येतो.

कार्बन डायऑक्साइड काढायच्या फंदात पडू नका. चुलीला त्याची गरज नाही.