विडी-सिगारेटऐवजी निकोटिन गम आणि पॅच: किती घ्यायचा, कसा घ्यायचा, कुठे चुकतं

सिगारेट सोडायला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, कुठे मिळेल, असं विचारणाऱ्याला आधी कायदा सांगावा लागतो. ई-सिगारेटवर भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकमाने आणि त्याच वर्षाअखेरीस कायद्याने बंदी आली. बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, जाहिरात करणं यांपैकी काहीही केलं तर पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसता साठा सापडला तरी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा सोलापुरात काउंटरखालून जे मिळतं ते बिलाविना आलेलं, आतल्या द्रवात काय आणि किती आहे हे कुणीही न तपासलेलं असतं. डब्यावर ५ टक्के लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एका मिलीलीटरमध्ये ५० मिलीग्रॅम निकोटिन. ब्रिटनमध्ये कायद्याने २० च्या वर जाता येत नाही.

पण व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक, हा विचारणाऱ्याचा मुद्दा खोटा नाही. इंग्लंडमध्ये धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना सरकारी आरोग्यसेवाच व्हेपचा पर्याय सुचवते. तिथल्या पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये व्हेपिंग सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, प्रयोगशाळेत मोजलेला आकडा नव्हे, आणि त्यावर वादही झाला. त्यामागचं कारण मात्र पक्कं आहे. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीने तापलेली तार ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि निकोटिनच्या द्रवाची वाफ करते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड पानं-तंबाखू जळण्यातून येतात. निकोटिन सवय लावतं, नाडी वाढवतं. धूम्रपानातला कर्करोग आणि फुप्फुसाचा आजार मुख्यतः धुरातून येतो.

म्हणून सूत्र असं: काही आठवडे निकोटिन राहू दे, धूर आजच जाऊ दे. हे निकोटिनचा गम आणि पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, यांनी करता येतं, तेही मेडिकलमधून बिल घेऊन. ‘गम घेतला, काही उपयोग झाला नाही’ ही तक्रार मात्र सगळीकडे ऐकू येते. अशा माणसाला किती घेतला आणि कसा चघळला हे विचारलं की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

मात्रा कशी ठरवायची

दिवसाला किती ओढता हे नंतर विचारा. पहिला प्रश्न असा: सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली पेटते? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलीग्रॅमचा गम, त्यानंतर असेल तर २ मिलीग्रॅमचा. २ चा सहसा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि इथेच घोळ होतो: पहाटे डोळे उघडताच विडी पेटवणारा चिठ्ठी टाळायला २ चा गम घेतो, दिवसात तीनच चघळतो आणि संध्याकाळी पुन्हा बंडल काढतो. गममधलं निम्मंच निकोटिन अंगात जातं. २ च्या गममधून जेमतेम १ मिलीग्रॅम मिळतं, एका सिगारेटइतकं किंवा त्याहून कमी.

विडी बारीक म्हणून अर्धी सिगारेट धरू नका. तेंदूपानातून हवा नीट जात नाही, म्हणून ती विझू नये यासाठी झुरके जोरात आणि भराभर मारावे लागतात. तंबाखू कमी असली तरी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड कमी जात नाही. गमसाठी एक विडी म्हणजे एक सिगारेट.

पहिले ६ आठवडे दर १ ते २ तासांनी एक, दिवसाला किमान ९. पुढचे ३ आठवडे २ ते ४ तासांनी, त्यापुढचे ३ आठवडे ४ ते ८ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. तलफ चढेपर्यंत थांबू नका. गमला काम करायला वेळ लागतो, विडीसारखं पाच-दहा सेकंदांत डोक्यात जात नाही. यंत्रमागावर पाळी असेल तर पाळीला निघण्याआधी एक तोंडात टाका, ज्या सुट्टीत सगळे बाहेर ओढायला जातात तिच्या थोडं आधी दुसरा.

चघळायची पद्धत

हा च्युइंगम नाही, त्याला च्युइंगमसारखं चावलं तर फसतं. सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. जिभेला मिरीसारखी झणझण लागली की थांबा, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. झणझण मिनिटभरात उतरते. मग पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. त्यानंतर चव लागत नाही, म्हणजे गम संपला.

भराभर चावणाऱ्याला उचक्या लागतात, घसा जळतो, मळमळतं. कारण निकोटिन लाळेसोबत पोटात जातं, आणि पोटात गेलेल्यातलं बरंचसं यकृत रक्तात पोचण्याआधीच निकामी करतं. त्रास पूर्ण, फायदा निम्मा. थुंकायची सवय असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: थुंकलात तर औषधही थुंकलंत.

दुसरा दगा चहाचा. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला तोंडात आंबटपणा नको; गममध्ये त्यासाठी क्षार घातलेला असतो. चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोडा, ताक यांनी तो मोडतो. गमच्या १५ मिनिटं आधीपासून गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. मे महिन्यात सोलापुरात लिंबू सरबताशिवाय भागत नाही हे मान्य. पण सरबत आधी प्या, पाण्याने चूळ भरा, पाव तास जाऊ द्या, मग गम.

कवळी असेल तर गम चिकटतो, त्यांनी चघळायच्या ऐवजी चोखायची निकोटिन गोळी विचारावी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम भरत नसेल, किंवा गुटखा-माव्याने तोंड कमी उघडत असेल, तर गमच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे. सिगारेट सोडून तंबाखू मळणं हा पर्यायच नाही, त्याने धोका फुप्फुसातून गालात येतो. ‘हर्बल’ सिगारेटचंही तेच. पाला कुठलाही असो, जळला की धूर होतो.

पॅच

दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्याला रोज एक २१ मिलीग्रॅमचा पॅच ६ आठवडे, मग १४ चा २ आठवडे, मग ७ चा २ आठवडे. १० किंवा कमी असतील तर १४ पासून सुरू करून ६ आठवडे, मग ७ चा २ आठवडे. पॅच दिवसभराची पातळी सांभाळतो, गम अचानक उठणारी तलफ. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगले चालतात; मात्र पॅच असताना गम घड्याळ लावून नव्हे, तलफ आली की घ्यायचा, आणि ही जोडी डॉक्टरला विचारून.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पॅच सुटण्याचं कारण घाम. सकाळी अंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून, पंख्याखाली पाच मिनिटं थांबून दंडाच्या वरच्या भागावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या जागी लावा. तेल, पावडर, क्रीम नको. तळव्याने १० सेकंद दाबून धरा, कडा विशेषतः. रोज जागा बदला. खाज आणि लाली बहुधा तीच जागा धरल्याने येते. भर उन्हात किंवा बॉयलरजवळ काम असेल तर कातडी तापून निकोटिन जास्त वेगाने शोषलं जातं: डोकं दुखणं, गरगरणं, धडधड, मळमळ. असं झालं तर पॅच काढा, ती जागा नुसत्या पाण्याने धुवा. रात्री भलभलती स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढून टाका. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरतं. चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाका.

ज्यांनी आधी डॉक्टरला विचारायलाच हवं

गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, अठराच्या आतला मुलगा किंवा मुलगी. दम्यासाठी थिओफायलीनची गोळी चालू असेल तर सोडण्याआधीच डॉक्टरला सांगा. धुरातली रसायनं यकृताला हे औषध लवकर मोडायला लावतात. धूर थांबला की तेच औषध रक्तात साचतं. काही मानसिक आजारांच्या औषधांचं, क्लोझापीन आणि ओलान्झापीनचं, असंच होतं. कॉफी-चहातल्या कॅफिनचंही! सोडल्यावर झोप उडाली, हात थरथरले की लोक गमला दोष देतात. आधी चहाचे कप निम्मे करून बघा. इन्सुलिन घेणाऱ्याने पहिल्या दोन आठवड्यांत साखर जास्त वेळा तपासावी.

विडी वळायचं काम घरीच चालतं अशा घरात अडचण वेगळी: तंबाखूचं सूप दिवसभर समोर. तिथे सोडणाऱ्याची बसायची जागा बदला, सूप झाकून ठेवा, काडेपेटी चुलीपाशीच राहू द्या. त्रास पहिल्या २-३ दिवसांत सगळ्यात जास्त असतो, ३-४ आठवड्यांत उतरतो. एक तलफ साधारण पाचेक मिनिटांची.

फोनवर समुपदेशन हवं असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक विडी-सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. मध्येच एखादी विडी ओढली गेली तर पॅच काढू नका, कोर्सही पहिल्यापासून सुरू करू नका. बंडल टाकून द्या आणि पुढचा गम ठरल्या वेळी घ्या.