पहिला डेस्कटॉप जोडायलाव? मग आधी हत्यारं बघून घ्या

प्रोसेसर कोणता घ्यायचा यावर पोरं महिना महिना व्हिडिओ बघतात अन पार्सल घरी आल्यावर कळतं की घरात धड स्क्रूड्रायव्हर नाही. मग तालुक्याच्या गावात रविवारी हार्डवेअरची दुकानं हिंडत बसा. म्हणून पार्ट ऑर्डर करतानाच हे बघून ठेवा. तसं लई काही लागत नाही. ऑनलाइन ते शंभर बिटांचे किट दिसतात ना, त्यातले बहुतेक बिट डब्यातून कधी बाहेरच निघत नाहीत, पैसे वाचवा.

खरं हत्यार एकच, पीएच२ नंबरचा फुलीवाला स्क्रूड्रायव्हर. कॅबिनेट, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, सगळे मोठे स्क्रू यानंच बसतात. दांडी लांब घ्या, सहा इंचाच्या आसपास, नाहीतर कूलरच्या खाली हात जात नाही. टोकाला चुंबक असलेला घ्या, त्या चुंबकानं एसएसडीला काही होत नाही, ती भीती फ्लॉपीच्या जमान्यातली. स्वस्तातला मऊ लोखंडाचा घेतला की स्क्रूचं डोकं घासतं अन मग तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. दुसरा बारका पीएच१ किंवा पीएच०, एम.२ एसएसडीच्या (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टीसारखी डिस्क) इवल्याशा स्क्रूसाठी. तो आणि एक टोकदार चिमटा मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं बघा, तिथं नाही मिळाला तर पत्ता तोच सांगेल.

आपल्याकडं पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरसाठी घरोघरी एक हत्यारांची पिशवी असतेच. त्यातली पक्कड घ्या, कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खुंटे) घट्ट करायला कामाला येते (मदरबोर्डला जिथं भोक नाही तिथं स्टँडऑफ ठेवू नका, बोर्डाच्या मागं टेकला की शॉर्ट). पण त्या पिशवीतला चपटा स्क्रूड्रायव्हर नि टेस्टर बोर्डाजवळ आणू नका राव, घसरला की बोर्डावरच्या बारीक रेघा कापल्या जातात. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर तीपण घ्या, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून काम होत नाही.

स्क्रू ठेवायला रिकामा मसाल्याचा डबा लई भारी. कॅबिनेटसोबत दोन जातीचे स्क्रू येतात, जाड आट्याचे ६-३२ आणि बारीक आट्याचे एम३, बघायला जवळजवळ सारखेच. आधी बोटानं फिरवून बघा, सहज गेला तरच ड्रायव्हर लावा.

आता अर्थिंग, याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. अंगावरची स्थिर वीज पार्टात उतरू नये म्हणून अँटीस्टॅटिक पट्टा मिळतो, मनगटाला बांधायचा अन दुसरं टोक कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला, त्यात १ मेगाओमचा रेझिस्टर असतो म्हणून शॉकची भीती कमी. बिनवायरचा पट्टा मिळतो तो मात्र निव्वळ फसवणूक. पट्टा नको असेल तर पॉवर सप्लाय कॅबिनेटमध्ये बसवा, मागचा स्विच बंद ठेवा, भिंतीवरचं बटणपण बंद, फक्त पिन सॉकेटात खोचून ठेवा आणि अधूनमधून लोखंडाला हात लावत राहा. बटण फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो. पण हे सगळं कधी? सॉकेटात खरंच अर्थिंग असेल तर! कितीतरी घरांत तिसऱ्या भोकामागं वायरच नसते, आणि खड्ड्यात मीठ-कोळसा घालून केलेलं असलं तरी एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठक्क पडली की ते कमजोर होतं, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. वायरमनला बोलवा, मल्टीमीटरनं बघायला सांगा: फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. चालू पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा अर्थिंग नाही, पॉवर सप्लायच्या फिल्टरमधला थोडासा करंट जमिनीत न जाता लोखंडावरच बसलेला असतो.

थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली नसेल तर छोटी ट्यूब घ्या, प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी बास. पुसायची वेळ आली तर मोबाईलवाल्याकडचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर नको, त्यात पाणी नि ग्लिसरीन असतं.

केबल बांधायला वेल्क्रो पट्ट्या घ्या, झिप टाय घेतले तर शेपट्या नेलकटरनं कापा.

आणि पेनड्राईव्ह! कमीत कमी ८ जीबीचा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधीच विंडोज टाकून आणा, त्यातच मदरबोर्डच्या साइटवरून लॅन नि वायफायचे ड्रायव्हर. विंडोज ११ सेटअपलाच इंटरनेट मागतं अन नवीन बोर्डाचं वायफाय त्याला बऱ्याचदा ओळखू येत नाही. ड्रायव्हर विसरले तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा चालतं.

सगळं कॅबिनेटात कोंबायच्या आधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम अन पॉवर सप्लायच्या दोन्ही केबल (एक बोर्डाची, एक प्रोसेसरची) जोडा, मॉनिटर लावा (प्रोसेसरला ग्राफिक्स नसेल तर कार्डपण) आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना त्याच पीएच२ च्या टोकानं क्षणभर जोडा. पंखा फिरला, स्क्रीनवर बायोस (बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन) आलं की मग बसवा आत.