मेल सर्व्हरला दोन इंटरनेट लाइन जोडताय? या चुका टाळा

दोन लाइन घेतल्या, सर्व्हरच्या दोन्ही नेटवर्क कार्डांना आयपी दिला, दोन्हीकडे गेटवेही (बाहेर जायचं दार) टाकला, आणि दुसऱ्या लाइनवरून मेल येईना की सगळे आधी फायरवॉल उघडून बसतात. बऱ्याचदा बिचाऱ्या फायरवॉलचा काही संबंधच नसतो.

समजा पहिली लाइन २०३.०.११३.१० आणि दुसरी १९८.५१.१००.१०. बाहेरचा सर्व्हर दुसऱ्या आयपीवर पोर्ट २५ ला (मेल सर्व्हर एकमेकांशी इथेच बोलतात) आला, पॅकेट आत पोचलं, पण उत्तर पाठवताना लिनक्स फक्त कुठे जायचंय तेवढंच बघतो, आलं कुठून याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे डिफॉल्ट रूट (वेगळं काही सांगितलं नसेल तर धरायचा रस्ता) पहिल्या लाइनचा असेल तर उत्तर तिकडून निघतं आणि सोर्स आयपी (पाठवणाऱ्याचा पत्ता) मात्र दुसऱ्या लाइनचा. पहिला प्रोव्हायडर हा आयपी आपला नाही म्हणून पॅकेट गुपचूप टाकून देतो. एरर नाही, काही नाही, नुसता टाइमआउट. दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावा, सिन (कनेक्शनची विनंती) एकीकडून येताना आणि सिन-ॲक (तिचं उत्तर) दुसरीकडून जाताना दिसला की समजायचं हाच घोळ.

इथे मेट्रिक (रूटचा प्राधान्यक्रम) कमीजास्त करून भागत नाही. प्रत्येक लाइनला वेगळं राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठून पाठवायचं याची यादी) करा, त्यात त्या लाइनचा गेटवे टाका आणि आयपी रूलने सांगा की या सोर्सचं पॅकेट या टेबलात बघ. आणि हे सगळं नेटवर्कच्या कॉन्फिगमध्ये लिहा, नुसतं कमांडने केलेलं रीबूटला उडतं.

सिन येतोय पण सिन-ॲक कुठेच नाही? मग आरपी फिल्टर बघा, म्हणजे उलटा रस्ता जुळत नसेल तर आलेलं पॅकेट टाकून देणारी लिनक्सची सेटिंग. १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल. यात गंमत अशी की ‘ऑल’ (सगळ्या कार्डांची) आणि त्या कार्डाची सेटिंग यातला मोठा आकडा लागू होतो, म्हणून ऑलला १ ठेवून कार्डाला ० (बंद) केलं तरी ढिम्म फरक पडत नाही.

आता जाणारी मेल. दोन्ही लाइनवर लोड बॅलन्सिंग करायचा मोह होतो, वेबसाठी ठीक आहे, मेलसाठी माझ्या मते करूच नका. ज्या आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) नाही, जो एसपीएफमध्ये (डोमेनची मेल कुठल्या आयपींवरून जाऊ शकते ती यादी) नाही, त्यावरून गेलेली मेल स्पॅममध्ये जाते नाहीतर परत येते, तीही कधी जाते कधी नाही, म्हणजे शोधताना डोक्याला ताप. ग्रेलिस्टिंगवाल्याकडे (अनोळखी आयपीची मेल आधी थोडा वेळ थांबवणारा सर्व्हर) तर दर वेळी नव्या आयपीवरून गेलात की परत पहिल्यापासून थांबा. पोस्टफिक्समध्ये (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) एसएमटीपी बाइंड ॲड्रेस (मेल कुठल्या आयपीवरून जावी ती सेटिंग) देऊन टाका, म्हणजे वरचा रूलही बरोबर लागतो. ती लाइन पडली तरी घाबरायचं कारण नाही, पोस्टफिक्स डिफॉल्टला ५ दिवस मेल क्यूत ठेवून प्रयत्न करत राहतो.

सगळ्यात घातक शॉर्टकट वेगळाच आहे. सर्व्हर राउटरच्या मागे असला की उत्तर योग्य लाइनने जावं म्हणून काहीजण येणाऱ्या कनेक्शनलाही मास्करेड (पाठवणाऱ्याच्या आयपीऐवजी राउटरचा आयपी टाकणं) लावतात. मेल चालू होते आणि माणूस खुश, पण सर्व्हरला आता अख्खं जग राउटरच्या आतल्या आयपीवरून येतंय असं दिसतं, तो आयपी मायनेटवर्क्समध्ये (पोस्टफिक्सची विश्वासू आयपींची यादी) असला की झालात तुम्ही ओपन रिले (कुणाचीही मेल पुढे पाठवणारा सर्व्हर), आणि ब्लॅकलिस्टमध्ये जायला फार वेळ लागत नाही. त्यापेक्षा राउटरवर कनेक्शनला मार्क (कुठल्या लाइनने आलं त्याची खूण) लावा आणि उत्तर त्या मार्कप्रमाणे पाठवा.

टेस्ट करताना आतल्या नेटवर्कमधून टेलनेट करून ‘चालतंय की’ म्हणू नका, तिसऱ्याच कुठल्यातरी कनेक्शनवरून दोन्ही आयपींवर पोर्ट २५ ला टेलनेट करा आणि बॅनर (सर्व्हरची स्वागताची ओळ) येतोय का बघा.