एडिटरच्या कळा बदलताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचं दरपत्रक मी व्हीएस कोड या एडिटरमध्ये सांभाळतो. एक दिवस त्यात ₹ उमटेना. चिन्हाची कळ दाबली की भलतीच फाइल समोर यायची.

कारण मीच आदल्या दिवशी पेरलं होतं. विंडोजच्या ‘इंग्लिश इंडिया’ कीबोर्डवर ₹ येतो उजवा ऑल्ट आणि 4 दाबून. विंडोजच्या लेखी हा उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र. मी नेमकी कंट्रोल-ऑल्ट-4 ला उघडलेल्यांपैकी चौथी फाइल समोर आणायची कमांड दिली होती. म्हणून कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या शक्यतो घेऊच नका.

कंट्रोल-के सुद्धा एकट्याने घेऊ नका. त्याच्यापासून सुरू होणारे दोन टप्प्यांचे सगळे शॉर्टकट बंद पडतात, शॉर्टकटांची यादी उघडणारा कंट्रोल-के, कंट्रोल-एस धरून.

सगळ्यात जास्त घोळ टॅबचा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने कंसाबाहेर पडायला टॅबवर ‘कर्सर उजवीकडे’ बसवलं. संध्याकाळी फोन आला, “सर, सुचवलेलं नाव टॅबने येईना, ओळ पण आत सरकेना!” कोणत्या कळेने काय करायचं, याचे नियम एडिटर खालून वर तपासतो, कळ आणि अट दोन्ही जुळणारा पहिला नियम चालतो. आपले नियम मूळ नियमांच्या खाली असतात. त्यामुळे ‘व्हेन’ची, म्हणजे नियम कधी लागू व्हावा याची अट रिकामी सोडली, की दर वेळी आपलाच नियम जिंकतो. ‘एडिटरमध्ये कर्सर असताना’ एवढी अटही पुरत नाही, कारण सुचवण्यांची यादी उघडी असते तेव्हाही कर्सर तिथेच असतो. ‘ती यादी उघडी नसताना’ हेही जोडावं लागतं, आणि तरीही ओळ आत सरकणं परत येत नाहीच. माझं ऐकाल तर टॅब, एंटर आणि एस्केपला हात लावू नका. तिला दुसरी कळ दिली आणि शॉर्टकटांच्या यादीत टॅबच्या नियमावर राइट क्लिक करून ‘रीसेट कीबाइंडिंग’ केलं.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांनी कळ बदलताना ‘एनमॅप’ऐवजी ‘एननोरमॅप’ ही कमांड लिहावी, म्हणजे तिच्यात उजवीकडे लिहिलेल्या कळांचा मूळ अर्थ टिकतो.

कळ कोण पळवतंय ते कळत नसेल, तर व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून, म्हणजे नाव टाइप करून कमांड चालवायच्या चौकटीतून, ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा आणि तीच कळ दाबा. कोणता नियम लागला, तो मूळचा की तुमचा, हे आउटपुटमध्ये दिसतं. माझ्याकडे ‘यूजर’ आलं, म्हणजे नियम माझाच. तो नियम काढला, ₹ परत आला. मग शॉर्टकटांच्या यादीत त्या कमांडचं नाव शोधलं, तर चौथ्या फाइलसाठी ऑल्ट-4 मुळातच दिलेलं होतं.